अल्बमला 6.8 मिळाले म्हणजे नक्की काय मिळालं?

एखाद्या छोट्या बँडचा अल्बम येतो, कुठल्याशा संगीतविषयक पत्रिकेत त्यावर चार परिच्छेद येतात आणि वर ठळक आकडा असतो: 6.8. आपल्या डोक्यात दहावीच्या गुणपत्रिकेचं गणित पक्कं बसलेलं, त्यामुळे लगेच अर्थ लागतो की फर्स्ट क्लास आहे, पण पेढे वाटण्यासारखं काही नाही. रत्नागिरी, कुडाळ, मडगाव, कुठेही कॉलेजातल्या, कानात इअरफोन घालून हिंडणाऱ्या पोरांशी बोला, त्यांतले बरेच जण आकडा बघूनच अल्बम डाउनलोड करायचा की नाही ते ठरवतात. गाणी अफाट, वेळ थोडा, त्यामुळे त्यांचंही फार चुकत नाही. पण हा आकडा गुणपत्रिकेतला नव्हे. इथे तपासनीस नसतो, नमुना उत्तरपत्रिका नसते आणि फेरतपासणीचा अर्जही करता येत नाही. एकदा मात्र फेरतपासणी खरोखर झाली होती, ती गोष्ट पुढे येईल.

आधी अशा अल्बमना चिकटवल्या जाणाऱ्या इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह या दोन शब्दांतला गोंधळ सोडवू. इंडी म्हणजे पैसा कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर. ध्वनिमुद्रित संगीताचा मोठा वाटा जगभर युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांकडे आहे. त्यांच्या बाहेर, स्वतःच्या खिशातून किंवा छोट्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीच्या, खर्चानं निघतो तो इंडी अल्बम. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे आवाज कसा आहे याचं उत्तर, आणि ते उत्तर काळाप्रमाणे बदलत राहतं. दोन्ही एकाच अल्बममध्ये असतील असं नाही. निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच' 1989 मध्ये सिॲटलच्या सब पॉप या छोट्या लेबलनं काढला. रेकॉर्डिंगचा खर्च होता 606 डॉलर 17 सेंट. दोन वर्षांनी त्यांचा 'नेव्हरमाइंड' बड्या कंपनीकडून आला आणि जानेवारी 1992 मध्ये त्यानं अमेरिकेच्या यादीत मायकेल जॅक्सनला पहिल्या जागेवरून खाली ओढलं. बँड तोच, इंडीपण मात्र गेलं. उलट ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाचा 1982 चा 'नेब्रास्का' घरी चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या, कॅसेट रेकॉर्डरवर मुद्रित झालेला, ऐकायला अगदी उघडावाघडा, पण काढला कोलंबियासारख्या बलाढ्य कंपनीनं.

आपल्या किनाऱ्यावरचं अस्सल उदाहरण गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांचं. 1984 चा 'गोवन क्रेझी' त्यांनी घरीच, चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. गाणी, वाद्यं, मुद्रण सगळं स्वतः, आणि कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवरून दुकानादुकानांत पोचवल्याही स्वतःच. मुंबईची मोठी कंपनी दार उघडेल म्हणून ते थांबले नाहीत. आज कुणी लॅपटॉपवर अल्बम करून नेटवर चढवतो तेव्हा तो जे करतो, तेच हे, फक्त पेट्रोलचा खर्च वेगळा.

असल्या अल्बमला आकडे द्यायची रीत कुठून आली? न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी 1969 पासून अल्बमना शाळेतल्यासारख्या श्रेणी द्यायला सुरुवात केली, ए प्लसपासून थेट ई पर्यंत. एकेका अल्बमवर एक छोटा, चिमटे काढणारा परिच्छेद आणि पुढे श्रेणी. सदराचा हेतू सरळ होता: वाचकाचे पैसे मर्यादित आहेत, त्यानं कुठली रेकॉर्ड घ्यावी? पुढे 1996 मध्ये रायन श्रायबर नावाच्या तरुणानं पिचफोर्क ही वेबपत्रिका सुरू केली आणि शून्य ते दहामध्ये दशांश आणला. 6.8 आणि 6.9 यांत फरक काय, हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. दशांशाचा उपयोग एवढाच की मत हे मोजमाप असल्यासारखं दिसू लागतं. मला विचाराल तर ही युक्ती होती, आणि कमालीची यशस्वी युक्ती होती.

एका मताचं वजन

बड्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर समीक्षकांनी काहीही लिहिलं तरी फारसं बिघडत नाही. टीव्ही, रील्स, लग्नाचे डीजे मिळून ती गाणी तुमच्या कानात घालतातच. छोट्या अल्बमजवळ यातलं काही नसतं. तिथे समीक्षा हीच जाहिरात, तीच ओळख आणि कधीकधी तोच शेवटचा उल्लेख. म्हणजे ज्या अल्बमवर मतं कमी, तिथे एकेका मताचं वजन अवाच्या सवा वाढतं. स्वतंत्र संगीतावरची कुठलीही समीक्षा वाचताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर बाकीचं बरंच आपोआप उलगडतं.

2004 हे एकच वर्ष घ्या. कॅनडातल्या आर्केड फायर या बँडच्या 'फ्यूनरल' या अल्बमला पिचफोर्कनं 9.7 दिले. मर्ज नावाच्या छोट्या लेबलचा तो अल्बम हातोहात खपला. त्याच वर्षी डिसमेम्बरमेंट प्लॅन या नावाजलेल्या बँडच्या ट्रॅव्हिस मॉरिसन यानं एकट्यानं काढलेल्या 'ट्रॅव्हिस्टान'ला त्याच पत्रिकेनं 0.0 दिले. त्या शून्यानं आपल्या वाटचालीला कसा फटका बसला, हे त्यानं पुढे स्वतः सांगितलंय. हा अल्बम थोर नव्हता असं मानलं, तरी शून्य? समीक्षकानं वाक्यं लिहिली होती, लोकांनी आकडा वाचला.

सरासरीतून सत्य सापडेल असं वाटत असेल तर तीही गंमत बघा. मेटाक्रिटिक ही वेबसाइट 2001 पासून निरनिराळ्या समीक्षकांचे आकडे शंभरापैकी करून, कुणाला जास्त तर कुणाला कमी वजन देत, त्यांची सरासरी काढते. समजा एका अल्बमनं दोघांना वेड लावलं आणि दोघांना वैताग आणला. आणि दुसरा अल्बम चौघांनाही "ठीक आहे" वाटला. दोन्हींची सरासरी पासष्टच्या आसपास येऊ शकते. पहिला अल्बम तुम्ही नक्की ऐकावा असा आहे, दुसरा कदाचित नाही, आणि आकडा दोघांना एकाच बाकावर बसवतो.

आणखी एक आतली गोष्ट. अनोळखी बँडचा वाईट अल्बम आला तर त्यावर कुणी लिहीतच नाही. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला जाहीर झोडून मिळणार काय? त्यामुळे छापून येणारे आकडे मुळातच वरच्या बाजूला गर्दी करतात. इंडी अल्बमला 7 म्हणजे बऱ्याचदा "लिहिण्याइतपत बरा होता" एवढंच.

आता फेरतपासणीची गोष्ट. लिझ फेअर या अमेरिकन गायिकेचा पहिला अल्बम 1993 मध्ये मॅटाडोर या स्वतंत्र लेबलकडून आला. कच्चा, घरगुती आवाज, बेधडक शब्द. व्हिलेज व्हॉइसच्या समीक्षकांच्या मतदानात तो त्या वर्षीचा पहिला ठरला. दहा वर्षांनी, 2003 मध्ये, तिनं रेडिओवर चालतील अशी गाणी करणारे निर्माते बरोबर घेऊन चकचकीत पॉप अल्बम काढला. पिचफोर्कनं त्याला 0.0 दिले. समीक्षेचा राग गाण्यांवर कमी आणि "ही आपली होती, तिकडे गेली" यावर जास्त होता. ती समीक्षा लिहिणाऱ्या मॅट लमे यांनी 2019 मध्ये लिझ फेअरची जाहीर माफी मागितली, आणि 2021 मध्ये पिचफोर्कनं काही जुने आकडे नव्यानं ठरवले तेव्हा शून्याचे 6.0 झाले. अठरा वर्षांत त्या अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. बदलली ती फूटपट्टी. पूर्वी समीक्षकांना गिटार, घाम आणि स्वतः लिहिलेले शब्द म्हणजे खरं संगीत वाटायचं, पॉप म्हणजे धंदा. 2004 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये समीक्षक केलेफा सने यांनी या दृष्टीवर सडकून टीका केली, आणि पुढच्या काळात पॉपकडेही तितक्याच गंभीरपणे बघायला सुरुवात झाली. आता कधीकधी उलटं टोक गाठलं जातं आणि लोकप्रिय गाण्याला वाईट म्हणायलाच समीक्षक बिचकतात, पण तो वेगळा विषय.

शब्द ऐकू येत नाहीत, ही चूक की शैली?

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याचं या संगीताशी पहिलं भांडण होतं ते इथे. भावगीत, नाट्यगीत, अभंग यांवर पोसलेल्या कानाला गाण्यात शब्द सर्वांत वर लागतो. मागचं व्हायोलिन कितीही गोड असलं तरी ते शब्दाला वाट देऊन मागे उभं राहतं. ज्याचे शब्द कळत नाहीत तो गायक आपल्या लेखी तोंडातल्या तोंडात गातो, आणि त्यात कौतुकाचं काही नसतं.

ऑल्टरनेटिव्ह म्हणून गाजलेले कितीतरी अल्बम नेमके याच्या उलट बांधलेले असतात. आर.ई.एम. या बँडचा 1983 चा 'मर्मर' घ्या. गायक मायकेल स्टाइपचे शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही धड लागत नव्हते. तरी रोलिंग स्टोन या पत्रिकेनं वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याची निवड केली, आणि तेही मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' जगभर धुमाकूळ घालत असताना. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 1991 चा 'लव्हलेस' त्याच्याही पुढे जातो. तो बनवायला दोन वर्षांच्या आसपास लागली आणि स्टुडिओ एकामागून एक बदलत गेले. त्यात गाणाऱ्यांचा आवाज मुद्दाम गिटारांच्या खाली दाबलाय. गिटारवादक केविन शील्ड्स तारा छेडतानाच गिटारला जोडलेली, तारांचा ताण बदलणारी छोटी दांडी हलवत राहतो, त्यामुळे सूर एका जागी ठरत नाही, झुलत राहतो. गाण्याचा चेहरा दिसतच नाही, फक्त त्याची हालचाल कळते.

समीक्षक जेव्हा अशा अल्बमबद्दल "आवाज हे आणखी एक वाद्य झालंय" म्हणतात तेव्हा त्यांना हे म्हणायचं असतं. शब्दांनी अर्थ सांगायचा आणि संगीतानं तो सजवायचा, ही विभागणी इथे मोडलेली आहे. अर्थ आवाजाच्या पोतात आहे. तो पटायलाच हवा असं नाही. मला स्वतःला 'मर्मर' अजूनही अर्धाच पोचतो. पण नापसंत करायचंच तर जे केलंय त्याला करावं, जे करायचंच नव्हतं त्याच्या नावानं नव्हे. ख्यालाच्या विलंबितात बंदिशीचे शब्द विरघळून जातात तेव्हा आपण तक्रार करत नाही. तिथे कुठे कान लावायचा हे आपल्याला कुणीतरी आधी शिकवलेलं असतं. चांगली समीक्षा नेमकं तेवढंच काम करते.

ऐकायच्या साधनाचाही यात हात असतो. पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळतोय आणि फोनच्या स्पीकरवर 'लव्हलेस' लावलाय, तर दोन्हींत फरक करणं अवघड. खोटं वाटत असेल तर जुलैत करून बघा. समीक्षकानं तो चांगल्या हेडफोनवर, शांत खोलीत ऐकलेला असतो, आणि हे तो समीक्षेत सांगत नाही.

"लो-फाय" हा समीक्षेतला असाच एक शब्द. मुळात अर्थ साधा: स्वस्त यंत्र, कमी ट्रॅक, मागे टेपची सरसर. चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र 1979 मध्ये बाजारात आलं आणि घरच्या घरी अल्बम करणं हजारोंच्या आवाक्यात आलं. पुढे मात्र नाइलाजाची आवड झाली. आज महागड्या स्टुडिओत बसून, सॉफ्टवेअरनं मुद्दाम सरसर मिसळून लो-फाय बनवतात. त्यामुळे "लो-फाय मोहकता" असं वाचलं की एक प्रश्न विचारावा: हे परवडत नव्हतं म्हणून झालं, की हवं होतं म्हणून? दोन्ही चालतं, पण समीक्षकाला ते ठाऊक असायला हवं. स्टीव्ह अल्बिनी हे ध्वनिमुद्रक याबाबत फार करडे होते. पिक्सीज या बँडचा 'सर्फर रोझा' आणि निर्वाणाचा 'इन यूटेरो' त्यांनी मुद्रित केला. स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायला ते नाखूश असत आणि विक्रीवरची रॉयल्टी नाकारत. खोलीत बँड जसा वाजतो तसाच टेपवर उतरला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. हे कळल्यावर "ढोलाचा आवाज फार कोरडा आणि जवळचा आहे" हे वाक्य तक्रार आहे की वर्णन, ते ओळखता येतं.

आणि मग अल्बममागची कहाणी. बॉन इव्हेर या नावानं निघालेला पहिला अल्बम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या एका खोपटात, हिवाळ्यात, एकट्या जस्टिन व्हर्नननं मुद्रित केला. 2007 मध्ये आधी स्वतःच काढला, 2008 मध्ये लेबलनं पुन्हा काढला. त्यानंतर त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ते खोपटं येतंच. काही समीक्षा वाचून तर लाकडाला रेटिंग दिलंय असं वाटावं. आपल्या किनाऱ्यावरच्या बँडना याच आजाराची दुसरी जात सोसावी लागते. गोव्यातल्या किंवा मालवणातल्या कुणी काहीही वाजवलं तरी बाहेरून लिहिणाऱ्याला त्यात लाटा ऐकू येतात, माडांची सळसळ, सुशेगाद वगैरे. बँड बिचारा तळमजल्यावरच्या बंद खोलीत गिटारला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं यंत्र, लावून करवादत असतो, खिडकी उघडली तर समोर एसटीचा डेपो.

अल्बम आणि सुट्टी गाणी यांत समीक्षक फरक का करतात, हेही थोडक्यात. 1948 मध्ये कोलंबियानं लाँग प्ले तबकडी आणली, तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावायची. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम हे माप तिथून आलं. मग कुठलं गाणं आधी, पहिली बाजू कुठल्या सुरावर संपवायची, याचा विचार सुरू झाला, आणि समीक्षक तो क्रमही तपासू लागले. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की ते गाणं ऐकलं असं मोजलं जातं, तिथे हा हिशोब जुनाट वाटेल. पण चिपळूण ते रत्नागिरी कोकण रेल्वेच्या गाडीत बसा, एक अल्बम आधी उतरवून ठेवा, कारण करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेट असं नसतंच. क्रमानं, न उड्या मारता ऐका. समीक्षक ज्याला "मधल्या भागात अल्बम ढेपाळतो" म्हणतात ते तुम्हाला संगमेश्वर ओलांडताना स्वतःच कळेल.

वेळेचा घोटाळा तर सगळ्यांत मोठा. समीक्षकाला अल्बम प्रकाशनाच्या थोडे दिवस आधी मिळतो आणि मत ठरलेल्या तारखेला द्यायचं असतं. निक ड्रेक या इंग्रज गायकाचा 'पिंक मून' 1972 मध्ये आला, अठ्ठावीस मिनिटांचा, एक आवाज, एक गिटार आणि एका गाण्यात थोडा पियानो. तेव्हा जेमतेम काही हजार प्रती खपल्या. 1974 मध्ये, सव्विसाव्या वर्षी तो गेला. 1999 मध्ये फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत त्याचं शीर्षकगीत वाजलं आणि लोक तो अल्बम शोधत दुकानात आले. पंचवीस वर्षं समीक्षकांनी जे साधलं नाही ते एका मोटारीनं साधलं, असं म्हणून हसता येईल. पण मधल्या काळात त्याचं नाव जिवंत ठेवलं ते मूठभर संगीतकारांनी आणि लिहिणाऱ्यांनीच.

बुवा, शाहीर आणि समोरचा पार

आता घरचं बघू. कोकणात समीक्षा नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं कुडाळ-कणकवलीकडची डबलबारी ऐकलेली नाही. दोन भजनी बुवा समोरासमोर, पखवाज, पेटी, झांज, आणि एकानं टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्यातही शाहिरांची हीच झुंज. तिथला श्रोता पहाटेपर्यंत बसतो आणि घरी जाताना काटेकोर निकाल देतो: चाल कुठल्या जुन्या गाण्यावरून उचलली, गजर कुठे पडला, उत्तर शास्त्राला धरून होतं की नुसती वेळ मारून नेली. "बुवा बरो गायलो, पण पखवाजवाल्यान तेका दाबून टाकल्यान" या एका वाक्यात मिक्सिंगवरचं जे मत आहे, ते परदेशी पत्रिकेत दोन परिच्छेद घेतं.

हीच मंडळी रेकॉर्डिंगही करत आली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एचएमव्हीची वर्षानुवर्षांची पकड सैल पडली. देशभर छोट्या कंपन्या उगवल्या आणि ज्या बोलींना तबकडीवर कधी जागा नव्हती त्यांच्या कॅसेटी बाजारपेठेत लटकू लागल्या. कोळीगीतं, जाखडी, भजनं, मालवणी विनोद. नंतर सीडी, आता यूट्यूब. पैसा कोणाचा हा निकष लावला तर हे सगळं शंभर टक्के इंडी आहे, पण इंडी संगीतावर लिहिणाऱ्या कुणाच्या यादीत ते नसतं, कारण त्यांच्या डोक्यात इंडी म्हणजे गिटार.

आणि आपल्याकडूनही एक कसर राहिली. पारावरची ती तिखट मतं प्रयोगाबद्दल असतात, रेकॉर्डिंगबद्दल नसतात. त्या रात्री बुवा कसे गायले हे वीस वर्षांनीही आठवतं, पण त्याच बुवांच्या कॅसेटवर कोणी चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत. प्रयोग विरतो, मत तोंडी उरतं. रेकॉर्डिंग मात्र उरतं, आणि त्याच्याबद्दल काहीच उरत नाही.

मग कोकणातल्या एखाद्या रेकॉर्डिंगवर, भजनाच्या असो की कॉलेजातल्या बँडच्या, कुणाला लिहायचं झालं तर? विशेषणं आवरती घ्यावीत. ती कुठेही चिकटतात, "भावस्पर्शी" हा शब्द तर अंत्ययात्रेपासून आइस्क्रीमपर्यंत चालतो. कशावर ऐकलं ते लिहावं. कितीदा ऐकलं तेही. एक जागा नेमकी दाखवावी, म्हणजे अमक्या गाण्यात, अमक्या मिनिटाला पेटी का थांबते, आणि त्यानं काय साधलं की बिघडलं. ओळखीचा मुलगा असेल तर ओळख सांगून टाकावी, इथे सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. आकडा नाही दिला तरी चालेल. पखवाज कोणी वाजवला त्याचं नाव मात्र हवंच, कारण ते यूट्यूबवरच्या व्हिडिओखालीही बहुतेक वेळा दिलेलं नसतं.